घुमटात कोंडलेली मोटर

पालघर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून शिरगावच्या रस्त्याने सातपाटीकडे निघालं, की समुद्र दिसण्याआधी त्याचा वास येतो. खारा वारा, वाळत घातलेली मासळी, ओल्या जाळ्यांचा दर्प. बर्फाच्या कारखान्याजवळ या सगळ्यांवर कुरघोडी करणारा आणखी एक वास थेट नाकात शिरतो. तो अमोनियाचा. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपत आली, की किनाऱ्यावर डिझेलइतकीच चौकशी बर्फाची सुरू होते. बोटीच्या खणात फोडलेला बर्फ नसेल तर चार-पाच दिवसांच्या फेरीला अर्थच उरत नाही. सातपाटीचं नाव ज्या पापलेटमुळे झालं आणि ज्याला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, ते पापलेट बंदरात चकचकीत उतरायचं असेल तर आधी कारखान्यातून लाद्या बाहेर पडाव्या लागतात.

बर्फाचा कारखाना आतून पाहिलेले लोक कमी. मिठाच्या पाण्याची भलीमोठी टाकी, तिच्यावर लाकडी झाकणं, झाकणांखाली उभे केलेले पत्र्याचे डबे. डब्यात गोडं पाणी, बाहेर शून्याच्या खाली आठ-दहा अंशांवरचं खारं पाणी. मिठामुळे ते गोठत नाही, पण आतलं गोडं पाणी गोठवतं. मोठी लादी धरायला जवळपास दिवस जातो. मग डबा साखळीने उचलायचा, साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचा आणि कलता करायचा. लादी घसरत बाहेर येते.

हे झालं दिसणारं काम. खरं काम शेजारच्या खोलीत चालतं. तिथे एका बाजूला विजेची मोटर, दुसऱ्या बाजूला ओतीव लोखंडाचा कॉम्प्रेसर आणि दोघांना जोडणारे धावते पट्टे. मोटर पट्टे ओढते, पट्ट्यांनी चाक फिरतं, चाकाचा शाफ्ट कॉम्प्रेसरच्या पोटात शिरतो आणि आतले दट्टे वरखाली होतात. शाफ्ट जिथून आत जातो तिथे भोक असणारच, आणि त्या भोकातून गॅस बाहेर येऊ नये म्हणून ग्लँड आवळलेली असते. फिरणाऱ्या लोखंडाभोवती बसवलेलं ते बूच आहे. फार आवळलं तर शाफ्ट तापतो आणि झिजतो, सैल राहिलं तर गॅस सुटतो. कारखान्यातला माणूस दिवसातून किती वेळा तिथे हात नेतो, नाक नेतो, ते पाहण्यासारखं असतं.

घरातल्या फ्रिजचा सुरुवातीचा इतिहास बहुतांशी या एका भोकाचा इतिहास आहे. थंडी कशी निर्माण करायची हे माणसाला घरोघरी फ्रिज येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये ईथर वापरून चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. जेम्स हॅरिसन यांनी ऑस्ट्रेलियात १८५० च्या दशकात तशी यंत्रं प्रत्यक्ष चालवली. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात अमोनियाचा कॉम्प्रेसर असा पक्का केला, की बीअरच्या कारखान्यांपासून बर्फाच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. सातपाटीच्या वाटेवरचा वास याच घराण्यातला.

तत्त्व सोपं आहे. द्रव उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. पाणी शंभर अंशांना उकळतं, अमोनिया उणे ३३ अंशांना. म्हणजे अमोनियाला उकळायला मिठाच्या पाण्यातली उष्णताही पुरते. उकळून झालेला वायू कॉम्प्रेसरने दाबायचा, की तो तापतो. त्याला बाहेरच्या हवेत किंवा पाण्यात निववायचं, की पुन्हा द्रव. हा फेरा अखंड चालू ठेवायचा. कॉम्प्रेसर स्वतः थंडी तयार करत नाही. एकीकडची उष्णता उचलून दुसरीकडे टाकायची हमाली तेवढी तो करतो.

मग कारखान्यातलं यंत्र लहान करून स्वयंपाकघरात ठेवायला पन्नास-साठ वर्षं का लागली? कारखान्यात नाक लावून बसलेला माणूस असतो, घरात नसतो. कारखान्यात गॅस सुटला तर माणसं बाहेर धावतात. घरात रात्री मुलं झोपलेली असतात.

पहिले प्रयत्न धाडसी होते. शिकागोत फ्रेड वुल्फ यांनी १९१३ मध्ये 'डोमेलरे' नावाचं यंत्र काढलं. ते घरातल्या बर्फाच्या लाकडी कपाटावर बसवायचं होतं. यंत्र फार चाललं नाही, पण त्यातला बर्फाचे चौकोनी खडे पाडणारा ट्रे टिकला. त्यानंतर लॉर्ड केल्विन यांच्या नावावरून नाव घेतलेलं केल्व्हिनेटर आलं. आल्फ्रेड मेलोज यांनी सुरू केलेला आणि १९१८ मध्ये जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरंट यांनी विकत घेतलेला उद्योग फ्रिजिडेअर झाला. यांच्या यंत्रांत मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा, मध्ये पट्टा. सातपाटीच्या खोलीतली मांडणीच, फक्त लहान आकारात. यंत्र बऱ्याचदा तळघरात असायचं आणि नळ्या वर स्वयंपाकघरात जायच्या. पट्टे सैल व्हायचे, ग्लँड गळायची, आणि कंपनीचा माणूस दुधवाल्याइतक्या नेमाने घरी यायचा.

गळणारा वायू साधा नव्हता. सल्फर डायऑक्साइड निदान खोकला आणून सावध करायचा. मिथाइल क्लोराइडला मात्र जेमतेम गोडसर वास, तो झोपेतल्या माणसाला जागं करत नाही. १९२९ मध्ये शिकागोत अशा गळतीने माणसं दगावली. त्याआधी बर्लिनमध्ये एक कुटुंब झोपेतच गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून अस्वस्थ झालेल्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन होते. तरुण पदार्थवैज्ञानिक लिओ झिलार्ड यांना बरोबर घेऊन १९२६ पासून काही वर्षं त्यांनी फ्रिजवर काम केलं. हलणारा भागच ठेवायचा नाही, म्हणजे भोकही नको आणि बूचही नको, असा त्यांचा विचार. त्यांच्या एका रचनेत वितळलेला धातू चुंबकीय बलाने नळीत पुढेमागे ढकलला जाई आणि तोच दट्ट्याचं काम करी. एईजी कंपनीने नमुना बनवला. तो चालला, पण आवाज फार करायचा, आणि बाजारात कधी आला नाही. त्या पंपाचं तत्त्व पुढे द्रवरूप धातूने थंड ठेवल्या जाणाऱ्या ब्रीडर अणुभट्ट्यांत कामी आलं. अणूंच्या साखळी अभिक्रियेची कल्पना १९३३ मध्ये सुचली तीही याच झिलार्ड यांना. फ्रिज आणि अणुभट्टी ही दोन टोकं एकाच माणसाच्या डोक्यात होती, हे तारापूरच्या वाचकाने लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

भोकाचा प्रश्न सोडवला तो आणखी एका वाटेने. फ्रान्समध्ये मार्सेल ओदिफ्रेन नावाच्या धर्मगुरूंनी दोन गोळे असलेलं, डंबेलसारखं दिसणारं यंत्र बनवलं होतं. आतला कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही बंद गोळ्यात, आणि आख्खं डंबेलच पट्ट्याने फिरवायचं. शाफ्ट बाहेर येतच नाही, सगळा डोलाराच फिरतो. आत एक जड वजन लोंबत राहतं आणि त्याच्या आधाराने दट्टा हलतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९११ पासून फोर्ट वेन इथे हे यंत्र बनवलं. फार महाग, फार जड, पण गळत नव्हतं. कंपनीच्या अभियंत्यांना त्यातून एक गोष्ट पटली: बूच सुधारत बसण्यापेक्षा भोकच बुजवलं पाहिजे.

विजेच्या कंपनीला फ्रिजमध्ये एवढा रस का, याचंही उत्तर सरळ आहे. दिवे संध्याकाळी लागतात आणि रात्री विझतात, फ्रिज रात्रंदिवस वीज घेतो. १९२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या अलेक्झांडर स्टीव्हनसन यांनी बाजारातल्या सगळ्या यंत्रांची बारकाईने चिकित्सा करणारा अहवाल दिला आणि कंपनीने घरगुती फ्रिजमध्ये उतरावं अशी शिफारस केली. क्लार्क ऑर यांनी नमुना तयार केला. त्याला कारखान्यात बनण्याजोगं रूप देणारा माणूस म्हणजे डेन्मार्कहून अमेरिकेत आलेले ख्रिश्चन स्टीनस्ट्रप.

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय त्यांच्या टेबलावर झाला: मोटरही आत घालायची. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी भांड्यात, तेल आणि गॅसच्या सहवासात, आणि भांडं कायमचं बंद. बाहेर येणार फक्त विजेच्या तारा आणि गॅसच्या दोन नळ्या. तारा फिरत नाहीत, म्हणून त्यांच्याभोवतीचं बूच झिजत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. पण मोटर म्हणजे तांब्याची तार, आणि अमोनिया तांब्याला खातो. त्यामुळे कारखान्यांचा लाडका अमोनिया घरच्या बंद भांड्यात येऊच शकत नव्हता. सातपाटीच्या कारखान्यात मोटर आजही बाहेर उभी असते, त्याचं मोठं कारण हेच. स्टीनस्ट्रप यांच्या यंत्रात सल्फर डायऑक्साइड घातला गेला. कोरडा असेल तर तो तांब्याशी जुळवून घेतो. ओलावा शिरला की मात्र त्याचं आम्ल होतं, म्हणून आख्खं भांडं भरण्याआधी कसून वाळवावं लागे. तारांवरचं वेष्टन तेलात आणि गॅसमध्ये वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे. भांडं एकदा जोडलं की उघडायचं नाही, म्हणून आतला प्रत्येक भाग पहिल्याच खेपेला बिनचूक. जोडकामासाठी हायड्रोजनच्या भट्टीत तांब्याने सांधे भरायची रीत स्टीनस्ट्रप यांनी बसवली. आज कोणत्याही इंजिनीअरिंग कारखान्यात ही रीत साधी वाटते. तेव्हा ती नवी होती.

१९२७ मध्ये बाजारात आलेला हा फ्रिज दिसायला विचित्र होता. पांढऱ्या पोलादी कपाटाच्या डोक्यावर कॉम्प्रेसरचा गोल घुमट आणि त्याभोवती नळ्यांची वेटोळी. अमेरिकन यादवी युद्धातल्या 'मॉनिटर' या लढाऊ जहाजावरच्या गोल बुरुजासारखा तो दिसतो म्हणून लोकांनी त्याला 'मॉनिटर टॉप' म्हटलं. यंत्र डोक्यावर ठेवण्यामागे विचार होता: गरम हवा वर जाते, तिला खालून कपाट तापवू द्यायचं नाही. किंमत सुमारे ३०० डॉलर. १९३१ पर्यंत दहा लाख विकले गेले. त्यातले काही अजून चालू आहेत. झिजणारं बूच नसलं की यंत्र किती जगतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता पालघरच्या किनाऱ्यावर परत यायला हरकत नाही.

ज्या कंपनीने मोटर घुमटात कोंडली, तीच कंपनी १९६० च्या दशकात तारापूरला आली. १९६४ मध्ये भारत सरकारने जनरल इलेक्ट्रिकशी करार केला आणि समुद्राकाठी उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. भारताचं हे पहिलं अणुवीज केंद्र. अणुभट्टी आणि फ्रिज यांची तुलना कुणाला ओढूनताणून केलेली वाटेल, पण इंजिनिअरला ती वाटत नाही. दोन्हीकडे द्रव उकळतो, वाफ एका यंत्रातून जाते, मग निवून पुन्हा द्रव होते. तारापूरला उष्णता वाफेतून टर्बाइन फिरवते आणि उरलेली अरबी समुद्राच्या पाण्यात जाते. फ्रिजमध्ये मोटर वायूला दाबते आणि भाजीची उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात येते. एकाच फेऱ्याची ही सुलटी आणि उलटी बाजू. दोन्हीकडे अभियंत्याची झोप उडवणारा प्रश्नही एकच: गळती.

तारापूरच्या कराराआधीच, १९५८ मध्ये, विक्रोळीला गोदरेजने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने देशी बनावटीचा पहिला फ्रिज बाहेर काढला होता. तीनच वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, गोदरेजनेच देशी टाइपरायटर बनवला होता. कपाटं आणि तिजोऱ्या बनवणाऱ्यांना पत्र्याचं काम हातचं होतं. पण तिजोरीचं दार आणि फ्रिजचं दार यांत फरक आहे. एकाने माणूस अडवायचा, दुसऱ्याने हवा. पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यातल्या अनेक घरांत पहिला फ्रिज आला तो ७० आणि ८० च्या दशकांत. समोरच्या खोलीत, क्रोशाचं आवरण घातलेला, शेजाऱ्यांच्या बर्फाच्या ट्रेंसाठी उघडा. त्याच्या शेजारी घरघरणारा स्टॅबिलायझर.

त्या स्टॅबिलायझरची गरज कॉम्प्रेसरच्या रचनेतूनच आली. बंद घुमटातली मोटर सिंगल फेजवर चालते. तिला सुरुवातीला धक्का द्यायला वेगळी गुंडाळी असते आणि रिले ती क्षणभर जोडून सोडतो. दाब कमी असलेली वीज आली तर मोटर फिरायला उठत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. वीज जाऊन लगेच आली तरी तेच. आतला गॅस अजून दाबलेला असतो, दट्टा त्याच्याविरुद्ध उठू शकत नाही. झडपेच्या जागी केसासारखी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, आल्यावर एक सोय झाली: यंत्र थांबलं की दोन्हीकडचे दाब आपोआप सारखे होतात. त्याला काही मिनिटं लागतात. 'लाइट आल्यावर फ्रिज लगेच चालू करू नको' असं घरातली मोठी माणसं सांगत, त्यामागे हे पूर्ण बरोबर शास्त्र होतं. नवा फ्रिज टेम्पोतून आडवा आणला तर काही तास उभा ठेवा, हेही तसंच. घुमटातलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरू द्यायचं.

बंद घुमटाने घर सुरक्षित केलं, पण दुरुस्ती अवघड केली. पट्ट्याच्या यंत्राला पान्हा पुरत होता. घुमट उघडायचा तर कापावाच लागतो. परदेशात बिघडलेला घुमट फेकून नवा बसवत. आपल्याकडे मेकॅनिकांनी तो कापला. घुमट शिवणीवर कापायचा, जळलेली गुंडाळी काढायची, नवी तार भरायची, झडपांच्या पातळ पट्ट्या घासून बसवायच्या, पुन्हा वेल्डिंग. मग तो पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, कारण गळती हाच शेवटचा परीक्षक. मॉनिटर टॉपच्या कारखान्यात जे कोरडेपणाचं सोवळं पाळलं जाई, ते टपरीवजा दुकानात पाळणं जवळपास अशक्य, आणि तरीही असे कापलेले कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं चालले. या कसबाची फारशी लेखी नोंद नाही याचं दुःख वाटतं.

गॅसची कथा वेगळ्याच वळणाने गेली. थॉमस मिजली यांनी १९२८ मध्ये फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांसमोर तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, जळत नाही, तांब्याला खात नाही. घुमटासाठीच जन्मल्यासारखा वायू. सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड मागे पडले. वास नसल्यामुळे गळतीची भीतीही गेली, आणि नेमकं तिथेच चुकलं. रोलँड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की हा निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि २०१० उजाडेपर्यंत भारतात फ्रिजसाठी तो बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे आहे. आता नव्या घरगुती फ्रिजमध्ये मुख्यतः आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा हा भाऊबंद, ज्वालाग्राही, पण फ्रिजमध्ये जेमतेम काही तोळे. जुन्या सवयीने टॉर्च पेटवून नळी उघडणाऱ्या मेकॅनिकसाठी हा बदल जिवावरचा ठरू शकतो. फ्रिजच्या पाठीवर 'आर-६००ए' लिहिलेलं असलं तर आधी खिडकी उघडायची आणि गॅस पूर्ण निघेपर्यंत आग लावायची नाही, हे प्रत्येक गावातल्या दुकानात शिकवलं गेलं पाहिजे.

पालघर जिल्ह्यात ही सगळी युगं अजून एकाच वेळी नांदतात. किनाऱ्यावर लिंडे यांच्या घराण्यातला उघडा कॉम्प्रेसर पट्ट्यांवर धावतो. तारापूर एमआयडीसीत रंग आणि औषधांची मधली रसायनं बनवताना शून्य ते पाच अंशांची थंडी लागते. त्यातली डायझो नावाची क्रिया त्याहून गरम झाली तर माल बिघडतो, म्हणून कुठे ब्राइन, म्हणजे थंड खारं पाणी, फिरतं तर कुठे सरळ कुंडात बर्फ टाकला जातो. डोंगराकडे, जव्हार-मोखाड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी ठेवायचा आयएलआर, म्हणजे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर, म्हणून वीज दिवसातून आठ तास आली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहतं. त्याच्या बुडाशी असतो तोच स्टीनस्ट्रप यांचा बंद घुमट.

उघड्या यंत्राला मागासलेलं म्हणणं मात्र चूक ठरेल. अमोनिया ओझोनला इजा करत नाही, हवा तापवत नाही, कमी विजेत जास्त थंडी देतो, आणि गळला तर नाकाला सांगतो. माणसाने मात्र त्याच्याशी सावधपणे वागलं पाहिजे. दाट वस्तीतल्या कारखान्यात मुखवटे, पाण्याचे फवारे आणि दर पाळीला जागता माणूस असायलाच हवा. ते महाग पडतं म्हणून टाळलं जात असेल, तर तो यंत्राचा दोष नाही.

दिवाळीत बऱ्याच घरांत नवा फ्रिज येतो आणि जुना भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. तांब्यासाठी भंगारवाला दारातच नळी छाटतो आणि फुस्स आवाज येतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार जुना फ्रिज नीट मोडण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराला विचारा, अधिकृत संकलन केंद्राचा पत्ता घ्या, आणि तिथे पोहोचेपर्यंत कुणालाही ती नळी कापू देऊ नका.